गुलाबराव मास्टरांच्या पांढऱ्या पेशी

आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला मी कुणाच्या हातावर अत्तर लावायला गेले, की ती बाई आधी माझी नखं बघते. तिचंही चुकत नाही. एकोणतीस वर्षं मी जबलपूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या टेबलावर काम केलं. लोकांच्या नखांतली, डोक्यातली, कानातली, थुंकीतली बुरशी घ्यायची, काचेच्या बशीत वाढवायची, तिला वेळेवर ऊब द्यायची आणि अंगानं भरली की ओळखायची. घरी माझ्या हातची तुळस दोन महिन्यांच्या वर जगली नाही. प्रयोगशाळेत बुरशी मात्र एकही मेली नाही. नातेवाइकांना मी 'लॅबमध्ये' आहे एवढंच सांगायची. कोणत्या टेबलावर ते सांगितलं, की पुढच्या वेळी चहाचा कप वेगळा यायचा.

शेवटच्या पाच-सहा वर्षांत आमच्याकडे डॉक्टर तिवारी मॅडम आल्या. लहानखुऱ्या, भराभर चालणाऱ्या, आणि जेवतानाही बुरशीबद्दल बोलणाऱ्या. त्यांचा प्रश्न साधा होता. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बुरशीला गिळतात, हे पुस्तकात असतं. पण गिळलं गेल्यावर बुरशी काय करते?

मला तोवर वाटायचं, काय करणार, मरत असेल. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं तेव्हा माझे डोळे उघडले. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच तोंडात, पोटात थोडीफार असते. ती गोल दाण्यांसारखी दिसते. पांढरी पेशी तिच्यावर चालून येते, तिला अंगात ओढून घेते आणि आत तिच्यावर जहाल रसायनं सोडते. पेशी धडधाकट असेल तर दाणा गोलच राहतो आणि संपतो. पण पेशीत जोर नसेल, तर बुरशीला आतमध्ये कळतं की आपण कुठेतरी कोंडले गेलोय, इथे खायला साखर नाही. मग ती जे मिळेल त्यावर भागवते, आकार बदलते, तिला एक शेपटी फुटते. ती शेपटी लांबत जाते आणि शेवटी पेशीला आतून भोसकून बाहेर येते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'अगं बाई' म्हणून खुर्चीतून उठलेच होते.

काम असं होतं. निरोगी माणसाचं ताजं रक्त घ्यायचं, त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांच्यात कॅन्डिडा सोडायची, अंगाइतक्या उबेत ठेवायचं, मग स्लाइड रंगवून शंभर पेशी मोजायच्या. किती जणींनी गिळलं, किती दाण्यांना शेपट्या आल्या. या पेशी शरीराबाहेर काही तासच धड राहतात, त्यामुळे दर गुरुवारी सकाळी आठला जिवंत, ताजा माणूस लागायचा. आधी विद्यार्थी आले. दोन गुरुवारनंतर मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं की ते जिन्यानं वर जायला लागले.

अशा वेळी गुलाबराव मास्टर मिळाले.

मास्टर कमानिया गेटजवळच्या एका लग्नबँडचे मालक आणि मुख्य ट्रम्पेटवाले. मूळचे अमरावतीकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, गाल असे की ट्रम्पेट हातात नसतानाही फुगलेले दिसावेत. त्यांचा आख्खा बँड एक दिवस आमच्या दारात रांगेनं उभा राहिला. अकरा माणसं, सगळ्यांच्या डोक्यात गजकर्ण. मखमली टोप्या एकमेकांच्या घालायचे, त्यातून पसरलं होतं. मी एकेकाच्या डोक्यातली खपली खरवडून घेत होते. मास्टरांचं डोकं मात्र स्वच्छ होतं.

"मास्टर, तुम्हाला कसं नाही झालं?"

"रक्त, दीदी," ते छाती काढून म्हणाले. "आमच्या खानदानात रक्त भारी आहे."

खरं कारण मी त्यांना सांगितलं. त्यांची टोपी वेगळी होती, मोराचं पीस लावलेली, तिला कुणी हात लावत नसे. त्यांना ते पटलं नाही. उलट मॅडमच्या कामाबद्दल ऐकल्याबरोबर त्यांनी बाही वर केली. "लिहा माझं नाव. चलो, आजच घ्या."

फॉर्म भरून घेतला. मधुमेह आहे का? नाही. कधी तपासलाय का, हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

दुसरे कायमचे दाते सदर या छावणी भागात राहणारे एक निवृत्त सुभेदारसाहेब होते. ते पावणेआठला हजर असायचे आणि रक्त देतानाही बसायला तयार नसत. मी म्हणायचे, चक्कर येईल. ते म्हणायचे, "आदत नहीं है।" त्यांना निकालात एकच गोष्ट जाणून घ्यायची असायची: "अपने कितने शहीद हुए?" मी आकडा सांगितला की क्षणभर मान खाली घालायचे आणि निघून जायचे.

मॅडमनी एकदा हौसेनं दोघांना मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवली. तिथून सगळं बिघडलं. स्वतःच्या पेशीनं स्वतःच्या डोळ्यांदेखत बुरशी गिळलेली पाहिल्यावर मास्टरांच्या वागण्यात फरकच पडला. ते बुधवारी लवकर झोपायला लागले. पेशींना ताकद यावी म्हणून रात्री खोव्याची जिलबी खायला लागले, हे मला फार नंतर कळलं. दर गुरुवारी बारा वाजता निकालाला दारात उभे.

"सुभेदाराच्या किती? माझ्या किती?"

"मास्टर, ही शर्यत नाही."

"नाही न, पण किती?"

एका गुरुवारी वीज गेली आणि जनरेटरही सुरू होईना. इन्क्युबेटर थंड पडू लागला. नळ्यांना सदतीस डिग्री ऊब हवी, नाहीतर सकाळची मेहनत वाया. अशा वेळी जुन्या टेक्निशियन लोकांचा एकच उपाय: नळ्या काखेत धरायच्या. मी दोन्ही बाजूंना दोन दोन नळ्या दाबून पुतळ्यासारखी उभी होते, तेवढ्यात मास्टर आत आले.

"काहून अशा उभ्या राहिल्या दीदी?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "यातल्या माझ्या कोणत्या?"

"उजवीकडच्या."

"मग द्या इकडे. माझ्या पेशी माझ्या काखेत राहिल्या तर त्यांना बरं नाही का वाटणार?"

त्यात चूक काढण्यासारखं मला काहीच सापडलं नाही. मॅडम आल्या तेव्हा आम्ही दोघं हात अंगाला घट्ट धरून समोरासमोर बसलो होतो आणि मास्टर नाकातल्या नाकात एक बारातीचं गाणं गुणगुणत होते. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बीस मिनट और। हिलना मत।"

त्या दिवशी मास्टरांच्या पेशींनी सुभेदारसाहेबांच्या पेशींना मागे टाकलं. मी ते बोलून गेले, ती माझी चूक. पुढच्या गुरुवारी मास्टर बँड घेऊन आले. लाल कोट, पितळी बटणं, ढोल, सगळं. निकाल चांगला लागला की अंगणात एक गाणं वाजवायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. निकाल चांगला होता. बँड वाजला. ओपीडीच्या रांगेतले नातेवाईक नाचायला लागले. पायाला प्लॅस्टर असलेला एक जण भिंतीला धरून नाचत होता. आमचे डीन खाली धावत आले आणि विचारू लागले, "किसकी बारात है?" सुभेदारसाहेब म्हणाले, "सर, न्यूट्रोफिल की।" डीनना वाटलं ते कुणाचं तरी आडनाव आहे. ते नवरदेवाला शोधत गेटपर्यंत गेले.

नंतर ते रागावले, आवाज कमी ठेवायची तंबी दिली. पण महिन्याभरात गुरुवारचं गाणं सगळ्या इमारतीच्या अंगवळणी पडलं. मला मनातून आवडायचं. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावरच्या कामासाठी कुणी कधी टाळीसुद्धा वाजवली नव्हती.

मग तो गुरुवार आला.

नळ्यांवर नावं असायची, पण स्लाइडवर मॅडम फक्त आकडे घालायच्या. कोणती कुणाची हे मॅडमच्या वहीत. मी मोजून कागद द्यायचा, मग त्या वही उघडायच्या. एका स्लाइडवर पेशी सुस्त होत्या. बुरशी शेजारी आहे आणि या जागच्या हलत नाहीत. ज्यांनी गिळलं होतं, त्यांच्या पोटात जिकडेतिकडे शेपट्या. काही पेशी तर आरपार भोसकलेल्या. मी दोनदा मोजलं. मॅडमनी वही उघडली. गुलाबराव.

"शोभा दीदी, इन्क्युबेटर ठीक था?"

"शायद मुझसे ही कुछ गड़बड़ हुई," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं. आमच्या धंद्यात विचित्र निकाल आला की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, ही चांगली सवय मानतात. "अगले हफ्ते फिर करते हैं।"

बाहेर आले तर मास्टर ट्रम्पेट ओठांजवळ धरून उभे. मागे अकरा माणसं. प्लॅस्टरवाला आज कुबडी घेऊन मुद्दाम आला होता.

"काय झालं दीदी?"

काय सांगायचं होतं? निकाल मोजलाय, पण बहुतेक माझी चूक आहे, पुढच्या आठवड्यात बघू. एवढंच. पण त्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या तोंडातून आलं, "जिंकल्या."

बँड वाजला.

पुढच्या गुरुवारी मी इन्क्युबेटर तीनदा तपासला. नव्या नळ्या, नवी रसायनं. सुभेदारसाहेबांच्या पेशी नेहमीसारख्या शिस्तीत. मास्टरांच्या आणखी वाईट. बाहेर पुन्हा तेच तोंड, पुन्हा तोच प्रश्न, आणि मागच्या आठवड्याचं खोटं पाठीशी असल्यामुळे या वेळी खोटं बोलणं सोपं गेलं.

मॅडम कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "इनकी शुगर कभी देखी है किसी ने?" रक्तात साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं. "आज ही फोन करके बुलाओ।"

मी फोन केला. लग्नसराई होती, मास्टर दुपारी आमच्याकडूनच परस्पर आठवडाभरासाठी शहपुऱ्याच्या बाजूला सुपाऱ्या घेऊन गेले होते. मागे ढोल वाजत होता.

"मास्टर, तिकडे कुठे दवाखाना असेल तर एकदा साखर तपासून घ्या."

"काहून? माझ्या पेशी तर जिंकून राहिल्या ना?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मास्टर, त्या हरल्या, दोन्ही वेळा हरल्या, मी खोटं बोलले. पण तो ढोल, त्यांचा खुशीतला आवाज, आणि बाई म्हणून, टेक्निशियन म्हणून माझी जी काही पत होती ती. मी म्हणाले, "हो, तसं काही नाही. सहजच."

"अच्छा, सहज ना? मग आल्यावर बघू."

मॅडमना मी सांगितलं, बोलले आहे, आल्यावर येतील. तेही खोटं नव्हतं.

सुपाऱ्या वाढत गेल्या आणि ते आले बारा-तेरा दिवसांनी. डावा गाल सुजलेला, डावी नाकपुडी बंद, वरची दाढ ठणकतेय. "या वर्षी फार फुंकलं दीदी. त्यानं सुजलं." मी म्हटलं तोंड उघडा. टॉर्च मारला. टाळूवर डावीकडे रुपयाएवढा काळा डाग होता. इतकी वर्षं मी बुरशीच पाहत आलेय.

मी त्यांचा हात धरून त्यांना कान-नाक-घशाच्या विभागात ओढत नेलं. वाटेत साखर तपासली. छोट्या मशीनवर आकडा आलाच नाही. साखर मोजण्याच्या पलीकडे गेली की ते मशीन इंग्रजीत 'हाय' एवढंच लिहितं. मास्टरांनी चष्मा वर करून वाचलं.

"बघा, नमस्कार करून राहिलं," ते म्हणाले.

टाळूवरची खपली अर्ध्या तासात माझ्याच टेबलावर आली. त्यावर पोटॅशचा थेंब टाकायचा आणि थांबायचं, म्हणजे मांस विरघळतं आणि बुरशी तेवढी उरते. थांबणं वीस मिनिटांचं. मी ती वीस मिनिटं नळाखाली हात धूत होते. मग पाहिलं. रुंद, चपट्या रिबिनीसारखे धागे, काटकोनात फांद्या फुटलेले. म्यूकर. लोक जिला काळी बुरशी म्हणतात, ती. हवेत, मातीत, शिळ्या पावावर सगळीकडे असते, आपण रोज तिला श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी तिला मुकाट्यानं संपवतात. मास्टरांच्या पेशींकडून ते होत नव्हतं. हे मला तीन आठवडे माहीत होतं. कागदावर, माझ्याच अक्षरात.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. डोळा वाचला, मेंदूपर्यंत गेलं नव्हतं. पण टाळूचा डावा भाग आणि वरचे काही दात काढावे लागले. नंतर कितीतरी दिवस सलाइनमधून औषध. सुभेदारसाहेब रोज सदरहून येऊन वॉर्डाच्या दारात उभे राहायचे. एक दिवस त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मेरे वाले सेल इनको चढ़ा दीजिए। ट्रेंड हैं।" मॅडमनी त्यांना समजावलं की असं इथे चालणार नाही, साखर ताब्यात आली की मास्टरांच्या स्वतःच्याच पेशी कामाला लागतील. सुभेदारसाहेबांना ते मान्य नव्हतं. पण त्यांनी त्याच दिवशी स्वतःची साखर तपासून घेतली.

आठवड्यानं मास्टरांच्या नाकातली नळी निघाली आणि मी त्यांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. दोन्ही गुरुवारचं. फोनचंही. टाळूचा डावा भाग गेल्यामुळे त्यांचा आवाज सगळा नाकातून यायचा.

"म्हणजे आम्ही दोनदा बँड वाजवला तो..."

"हो."

"बुरशीसाठी."

"हो, मास्टर."

ते हसायला लागले. चमच्यानं पाजलेलं दूध नाकातून बाहेर आलं, मी पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. हसणं थांबलं. ते भिंतीकडे वळले. चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी रोज जायची, बसायची, उठायची. पाचव्या दिवशी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "मला आधी सांगितलं असतं तर मी तपासली असती का साखर, हे मलाही माहीत नाही. पण सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो."

"आता जे असेल ते लगेच सांगायचं. चांगलं-वाईट बघायचं नाही."

"सांगीन."

मॅडमना मी सगळं लिहून दिलं. त्या रागावल्या. माझ्यावर रागावल्या, आणि त्याहून जास्त स्वतःवर, की फोन त्यांनी स्वतः का केला नाही. त्यानंतर आमच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आणि रक्त घ्यायच्या आधी प्रत्येक दात्याची साखर तपासली जाऊ लागली. एवढी एक ओळ.

दातांच्या विभागानं मास्टरांना टाळूच्या जागी बसणारी प्लास्टिकची पट्टी करून दिली. पहिल्या पट्टीनं जेवता यायला लागलं. दुसरीनं बोलणं सरळ झालं. तिसरी लावून त्यांनी ट्रम्पेट हातात घेतलं. पहिल्या फुंकीला असा आवाज आला की वॉर्डातली नर्स धावत आली. त्यांनी महिनोन्महिने घासलं. आता ते अर्धं गाणं वाजवतात, लांब सूर आला की बँडमधला दुसरा माणूस उचलतो, आणि मास्टर तेवढ्या वेळात हात हलवून नवरदेवाच्या मामांना नाचायला लावतात. इन्सुलिन बँडच्या पेटीत, थर्मासमध्ये असतं. जिलबी सुटली, असं ते सांगतात. मी त्यांच्या घरी विचारून खात्री केलीय.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या महिन्यात ते तपासणीला आले. खिशातल्या डबीतून पट्टी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. वरच्या बाजूला पांढुरका, दह्यासारखा थर होता. मी कापसाच्या काडीनं थोडा घेतला, स्लाइड केली, बघितली. गोल दाणे आणि मधूनमधून शेपट्या. ते पट्टीशिवाय, बोळक्या तोंडानं, माझ्याकडे एकटक बघत होते.

"कॅन्डिडा आहे," मी मान वर करायच्या आधीच सांगितलं. "भरपूर आहे. तुम्ही पट्टी धूत नाही आणि झोपतानाही काढत नाही, म्हणून झालंय."

त्यांनी पट्टी उचलून उजेडात धरली. मग नाकातून विचारलं, "घाबरायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "घासायचं."